पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

(जालना येथे दिलेले व्याख्यान)



जालना जिल्ह्यातील रस्त्यांवर 2024 साली दोन मोठे अपघात झाले. 18 जुलैला बदनापूर तालुक्यातील तुपेवाडीजवळ पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली आणि सात माणसे दगावली. 20 सप्टेंबरला अंबड तालुक्यात एस. टी.ची बस आणि मालमोटार एकमेकींवर आदळल्या. तेथेही अनेकांचे प्राण गेले. दोन्ही वेळी गावे धावून आली, पुढारी आले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. ह्या अपघातांचे दुःख कोणत्याही अर्थाने लहान नव्हते. परंतु त्यांत एक प्रश्न मुळीच उद्भवला नाही: अपघात कोणत्या वाहनामुळे झाला? जीप विहिरीत होती, बस व मालमोटार रस्त्यावर होत्या. क्रमांक सर्वांना दिसत होता.

ज्या मृत्यूंविषयी आज बोलावयाचे आहे ते निराळे आहेत. मंठा, परतूर किंवा घनसावंगी तालुक्यातील एखादा शेतमजूर संध्याकाळी कामावरून पायी परततो. मागून वाहन येते, ठोकर बसते, वाहन निघून जाते. तासाभराने कोणी तरी दुचाकीस्वार रस्त्याकडेला पडलेला देह पाहतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत एक ठार’ अशा चार ओळी येतात. ह्या ‘अज्ञात’ शब्दाची किंमत त्या कुटुंबाला किती पडते, ह्याचा हिशेब मांडणे हे अर्थशास्त्राचे काम आहे आणि तो मांडला तर मोठा उद्बोधक ठरतो.

समजा, मृत मजुराचे वय 30 आहे, तो महिन्याला 10,000 रुपये मिळवीत होता आणि त्याच्यामागे बायको, दोन मुले व म्हातारी आई असे चार अवलंबित आहेत. वाहनाचा क्रमांक माहीत असेल आणि चालकाची निष्काळजी सिद्ध झाली, तर नुकसानभरपाई कशी मोजावयाची हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 व 2017 सालच्या निर्णयांनी ठरवून दिले आहे. वार्षिक उत्पन्न 1,20,000 रुपये. मृताचे वय चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातील वाढीपोटी त्यात 40 टक्के मिळवावयाचे, म्हणजे 1,68,000. त्याचा स्वतःवरील खर्च एक चतुर्थांश धरून वजा करावयाचा, उरले 1,26,000. वयाच्या तिशीला 17 हा गुणक; एकूण 21,42,000 रुपये. शिवाय अंत्यविधी, सहवासाला मुकणे इत्यादींची ठराविक रक्कम वेगळी.

निष्काळजी सिद्ध करता आली नाही, पण वाहन कोणते ते सिद्ध झाले, तर मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मृत्यूपोटी 5 लाख रुपये मिळू शकतात. आणि वाहनच सापडले नाही, तर ठोकरून पळालेल्या वाहनांसाठीच्या योजनेतून 2 लाख. मनुष्य एकच, मृत्यू एकच, मागे राहिलेली पोरे तीच. तरीही एका मृत्यूची किंमत 21 लाख, दुसऱ्याची 5 लाख आणि तिसऱ्याची 2 लाख. पहिल्या व तिसऱ्या रकमेतील 19 लाखांहून अधिक अंतर पडते ते एका पत्र्याच्या पाटीमुळे. ती पाटी त्या क्षणी कोणी वाचली की नाही, एवढाच काय तो फरक.

ह्या अंतराचा लाभ कोणाला होतो, हा पुढचा प्रश्न. तृतीय पक्षाचा विमा आपल्या देशात 1 जुलै 1946 पासून सक्तीचा आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या मालकाने तो उतरवावाच लागतो. त्यामागची कल्पना सामुदायिक आहे: सर्वांनी थोडे थोडे भरावे आणि ज्याच्यावर आघात होईल त्याला त्यातून द्यावे. पळून गेलेल्या मालमोटारीचा हप्ताही बहुधा भरलेला असतो. म्हणजे त्या मजुराच्या मृत्यूचा धोका आधीच विकत घेतला गेला आहे, त्याचे पैसे जमाही झाले आहेत. चालक पळाला की त्याच्यावरचा खटला टळतो, मालकाची दगदग वाचते आणि विमा कंपनीचे देणेही वाचते. पोलीस ठाण्यातील कर्मचाऱ्याला तपास लागला काय आणि न लागला काय, पगार तोच. वाहन सापडावे ह्यात ज्यांचे खरेखुरे हित गुंतलेले आहे असे एकच कुटुंब उरते. आणि ते सापडविण्याची साधने ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहेत तेही तेच कुटुंब. ज्याला गरज आहे त्याला सामर्थ्य नाही आणि ज्याला सामर्थ्य आहे त्याला गरज नाही. अपघात भरपाईच्या व्यवस्थेतील मूळ अन्याय हा आहे.

कायदा ह्या अन्यायाविषयी अगदीच आंधळा राहिला असे मात्र म्हणता येणार नाही. 1939 च्या कायद्यात 1956 साली दुरुस्ती होऊन दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली, ती दिवाणी न्यायालयाचा लांबलचक मार्ग टाळण्यासाठी. ठोकरून पळालेल्या वाहनांच्या प्रश्नावर विधी आयोगाने 1972 मध्ये आपला 51 वा अहवाल दिला. त्यानंतर दहा वर्षांनी, 1982 च्या दुरुस्तीने, अशा मृत्यूसाठी 5,000 रुपयांची तरतूद झाली आणि त्याच दुरुस्तीने दोष सिद्ध न करताही मृत्यूपोटी 15,000 रुपये मिळण्याचा हक्क दिला. 1988 चा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून अमलात आला. 1994 मध्ये दावा दाखल करण्याची मुदतच काढून टाकण्यात आली आणि दावेदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही दावा करण्याची मुभा मिळाली. ही मुभा जालन्यासारख्या जिल्ह्याला फार मोलाची आहे. येथील ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीकडे जातो, अपघात तिकडे होतो; त्याच्या विधवेला निदान दाव्याच्या तारखांसाठी तिकडे खेपा घालाव्या लागत नाहीत.

न्यायालयांनीही पुराव्याची कसोटी सौम्य ठेवलेली आहे. 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने न्यायाधिकरणांना बजावले होते की, येथे थोडी शंका, तेथे थोडी अस्पष्टता एवढ्या कारणावरून चालक व मालक जबाबदारीतून निसटता कामा नयेत. 2009 साली हिमाचल प्रदेशातील एका बसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विशिष्ट वाहनाने विशिष्ट रीतीनेच अपघात केला ह्याचा काटेकोर पुरावा देणे दावेदारांना शक्य नसते. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. येथे केवळ संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते ते पाहावयाचे. 2011 सालच्या हरियाणातील प्रकरण तर आपल्या विषयाला थेट भिडणारे आहे. मृताच्या भावाने दिलेल्या फिर्यादीत वाहनाचा क्रमांक नव्हता. ज्या साक्षीदाराने नंतर क्रमांक सांगितला, त्याचे नाव फिर्यादीत नव्हते. खालच्या दोन्ही पायऱ्यांवर त्या साक्षीदारावर अविश्वास दाखविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते साधे माणुसकीचे होते: भाऊ रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असताना माणूस त्याला दवाखान्यात नेण्याची धडपड करील की पाटीवरचे आकडे टिपीत बसेल? साक्ष ग्राह्य धरण्यात आली आणि भरपाई मिळाली.

अपघातात वाहनाचा संबंध म्हणजे काय, ह्याचे उत्तर देणारे एक प्रकरण तर महाराष्ट्रातीलच आहे. 29 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे सातारा जिल्ह्यात मुंबई-बंगलोर महामार्गावर पेट्रोलचा टँकर व मालमोटार यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन कलंडला, पेट्रोल गळत राहिले आणि सुमारे चार तासांनी स्फोट झाला. भोवती जमलेल्यांपैकी 46 च्या आसपास माणसे त्यात गेली. मुलगा गमावलेल्या एका आईने दोषनिरपेक्ष तरतुदीखाली 15,000 रुपये मागितले. टँकर निपचित पडलेला होता, टक्कर होऊन तास लोटले होते, तेव्हा हा मृत्यू वाहनाच्या वापरातून उद्भवलेला नव्हे, असे म्हणून न्यायाधिकरणाने तिला नकार दिला. उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वाहनाने प्रत्यक्ष धडक द्यावीच लागते असे नाही. त्याच्या वापरातून संकट उद्भवले असले तरी पुरे, असा व्यापक अर्थ त्या वेळी स्थिर झाला. परंतु 1987 ते 1991 अशी चार वर्षे, चार पायऱ्या, आणि तेही 15,000 रुपयांसाठी, हा हिशेबही विसरून चालणार नाही. तत्त्व न्याय्य असले तरी ते देशाच्या सर्वोच्च पायरीवर जाऊन आणावे लागते.

मग इतकी उदार तत्त्वे उपलब्ध असताना दावे फेटाळले का जातात? कारण संभाव्यतेचे पारडे झुकविण्यासाठीही त्यात काही तरी टाकावे लागते आणि ते टाकण्याची वेळ अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांचीच असते. काचेचे तुकडे, रंगाचा पापुद्रा, चाकाच्या खुणा, तुटलेल्या दिव्याचा भाग ह्या गोष्टी पंचनाम्यात आल्या तर पुढे वाहनाशी जुळविता येतात. रस्ता झाडला गेला की त्या संपल्या. कित्येकदा प्रकरण ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदले जाते आणि गुन्हा नंतर, नातेवाइकांनी तगादा लावल्यावर दाखल होतो. मग तोच उशीर न्यायाधिकरणापुढे दावेदारांच्या विरोधात उभा केला जातो. पंचनामा त्रोटक लिहिला शासनाच्या नोकराने, फिर्याद उशिरा घेतली शासनाच्या ठाण्याने; आणि त्या दोन्ही चुकांची भरपाई करते ती अंगठा उठविणारी बाई.

विमा कंपन्यांची एक तक्रार मात्र विचारात घेतली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, पुष्कळदा खऱ्या वाहनाच्या जागी विमा उतरविलेले दुसरेच वाहन ‘उभे’ केले जाते. ही तक्रार निव्वळ काल्पनिक नव्हे. उत्तर प्रदेशात बनावट दाव्यांच्या चौकशीसाठी 2015 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याची गंभीर दखल घेतली. परंतु हा प्रकार घडतो कसा ते पाहावे. विधवा एकटीने मालमोटार उभी करू शकत नाही. त्यासाठी मालक लागतो, चालक लागतो, तपास करणारा लागतो आणि कागद जुळविणारा लागतो. फसवणूक करणारी ही साखळी तोडणे हे शासनाचे व कंपन्यांचे काम आहे. त्याऐवजी प्रत्येक दावेदाराकडे संशयाने पाहण्याची रीत पडली, तर साखळीतील हुशार मंडळी कागद चोख करून निसटतात आणि ज्यांचे कागद अपुरे ते प्रामाणिक लोक भरडले जातात. खोट्या दाव्याची ओळख कागदाच्या चोखपणावरून होत नाही. ती होते जलद व स्वतंत्र तपासावरून, आणि असाच तपास खऱ्या दावेदारालाही हवा असतो.

पळून जाणाऱ्या चालकाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तोही श्रमिकच आहे. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणे व चोवीस तासांत पोलिसांना कळविणे हे कायद्याने त्याच्यावर बंधन आहे. तो थांबत नाही ह्याला जमावाच्या माराची भीती, सलग रात्रींची जागरणे आणि नोकरीची अशाश्वती ही कारणे असतात. भारतीय न्याय संहितेत न कळविता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली तेव्हा जानेवारी 2024 च्या आरंभी देशभर चालकांनी संप केला आणि ते उपकलम 1 जुलै 2024 रोजी संहितेबरोबर लागू झाले नाही. शिक्षेचा धाक वाढवून मृताच्या घरी एक रुपयाही पोहोचत नाही, हे ह्या निमित्ताने लक्षात घ्यावे. चालक पोलीस ठाण्यात सुरक्षित पोहोचेल आणि पोहोचल्याने त्याची भाकरी जाणार नाही, अशी हमी मिळाली तर कित्येक ‘अज्ञात’ वाहने ज्ञात होतील.

आता शासनाच्या सामर्थ्याकडे वळावे. जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि जून 2025 मध्ये संपूर्ण मार्ग. त्यावर कोणते वाहन कोठे चढले व कोठे उतरले ह्याची नोंद पथकरासाठी ठेवली जाते. पथकर नाक्यांवर फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा आहे. वेगमर्यादा ओलांडणाऱ्याच्या मोबाइलवर दंडाची पावती येऊन पडते. रुपया वसूल करावयाचा असतो तेव्हा शासनाला प्रत्येक वाहन ओळखता येते. रुपया द्यावयाचा असतो तेव्हा मात्र तेच वाहन ‘अज्ञात’ होते. अपघाताच्या आगेमागे त्या पट्ट्यातून गेलेल्या वाहनांची नोंद मागविणे ही गोष्ट तपास अधिकाऱ्याला एका पत्राने साधते. विधवेला ती जन्मभर साधणार नाही. जिल्ह्यातील लहान रस्त्यांवर अशी नोंद नसते हे खरे. पण म्हणूनच तेथे पंचनामा अधिक काळजीने व्हावयास हवा.

केंद्राच्या नियमांनुसार 1 एप्रिल 2022 पासून पोलिसांनी 48 तासांत प्रथम अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये ह्या नियमांच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. पोलिसांचा अहवाल हाच दावा अर्ज म्हणून स्वीकारण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे पुराव्याचे ओझे शासनाने उचलावे, हे तत्त्व कागदावर मान्य झालेले आहे. वाहन सापडले नाही तर कुटुंबाने तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे, अर्ज करावयाचा. त्याने महिनाभरात चौकशी करून जिल्हाधिकाऱ्याला अहवाल द्यावयाचा. वाट साधी आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयापुढे जानेवारी 2024 मध्ये आलेले आकडे काय सांगतात? 2022 साली देशात ठोकरून पळालेल्या वाहनांचे 67,387 अपघात झाले आणि 2022-23 ह्या वर्षात योजनेखाली आलेले अर्ज होते अवघे 205. हजारो घरांना अशी योजना आहे हेच ठाऊक नव्हते. तेव्हा न्यायालयाने आदेश दिला की, महिन्याभरात वाहनाचा शोध लागला नाही तर पोलिसांनीच कुटुंबाला ह्या हक्काची लेखी माहिती द्यावी.

दुसरीकडे, 1994 मध्ये उठविलेली मुदत 2019 च्या दुरुस्तीने परत आणली: अपघातापासून सहा महिने. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढ्याच महिन्यांचा. फडावर गेलेले कुटुंब पाडव्याच्या सुमाराला गावी परतते तेव्हा कायद्याचे दार लागलेले असावयाचे! ह्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने, केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असे सांगितले. परंतु अंतरिम आदेश म्हणजे कायदा नव्हे. ही मुदत संसदेनेच मागे घ्यावयास हवी.

तेव्हा जिल्ह्यातील चळवळीने धरावयाच्या मागण्या स्पष्ट आहेत. अज्ञात वाहनाने झालेला प्रत्येक मृत्यू प्रथमपासून गुन्हा म्हणून नोंदला जावा व घटनास्थळाच्या खुणा त्याच दिवशी जतन व्हाव्यात. प्रथम अहवालाची प्रत मराठीत कुटुंबाच्या हाती पडावी. पथकराच्या व कॅमेऱ्याच्या नोंदी तपास अधिकाऱ्याने तातडीने ताब्यात घ्याव्यात आणि त्या का घेतल्या नाहीत ह्याचे उत्तर न्यायाधिकरणाने त्याच्याकडून मागावे. तपासाने एखादे वाहन दाखविले की ते त्या अपघातातील नव्हे हे सिद्ध करण्याचे काम मालकावर व विमा कंपनीवर यावे. आणि वाहन मुळीच न सापडल्यास 2 लाखांवर बोळवण न करता, सर्व विमा कंपन्यांच्या हप्त्यांतून निदान दोषनिरपेक्ष भरपाईइतके, म्हणजे 5 लाख रुपये, मिळावेत. वाहन पुढे सापडल्यास आधी दिलेली रक्कम वळती करून घेण्याची सोय आजच्या कायद्यातही आहेच.

ह्यातील काही मागण्यांसाठी कायदा बदलावा लागेल. बहुतेकांसाठी केवळ असलेला कायदा पाळावा लागेल. तोवर कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. अशा मृत्यूची बातमी येताच त्या घरी जावे, पंचनाम्याची व अहवालाची प्रत मागावी, महिना उलटला की तहसीलमध्ये अर्ज करवावा. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे, हे तिला सांगावे. टक्केवारीवर दावे विकत घेणाऱ्यांच्या आधी कार्यकर्ता त्या उंबऱ्यावर पोहोचला पाहिजे.

रस्ते सर्वांच्या पैशांनी झाले. विम्याचे हप्ते सर्व वाहनांनी भरले. रस्त्यावरच्या मृत्यूचा धोका अशा रीतीने समाजाने सामुदायिक केला. त्या मृत्यूचा पुरावा मात्र एकट्या घरावर सोडून दिला. तो पुरावा गोळा करणे हीही समाजाचीच जबाबदारी आहे, आणि ती पार पाडली जात नाही तोवर ‘अज्ञात वाहन’ ह्या दोन शब्दांची किंमत मजुराची पोरेच मोजीत राहणार.